स्टिकी नोट्स पडतात, आकृत्या कोऱ्या राहतात: वर्गातल्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यावर काय करायचं

प्रशिक्षणात स्टिकी नोट्सचा तास भारी वाटतो. पांढरा गुळगुळीत बोर्ड, सगळी मोठी माणसं, सगळ्यांना लिहिता येतं, चहा यायच्या आत बोर्ड रंगीबेरंगी होऊन जातो आणि आपण ठरवून टाकतो की सोमवारपासून वर्गात हेच करायचं. सोमवारी काय होतं तर पहिल्या दहा मिनिटांत अर्ध्या नोट्स खाली, दोन पंख्यानं उडून बाकाखाली, एक कुणाच्या तरी पाठीवर चिकटवलेली आणि ती वाचून मागची रांग हसतेय, आणि ज्या बिचाऱ्या फळ्यावर टिकल्यात त्या सगळ्यांवर एकच वाक्य, 'झाडे आपल्याला ऑक्सिजन देतात'. मग आपण म्हणतो जाऊ दे, फळा-खडू बरा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बऱ्याच जणांकडून मी या तक्रारी ऐकत असते, आणि त्या दर वर्षी त्याच असतात. नोटा पडतात, मुलं एकमेकांचं बघून लिहितात, आकृतीच्या चौकटी कोऱ्या राहतात नाहीतर पुस्तकातून उतरवलेल्या असतात, आणि तास संपला तरी शिकवायचं होतं ते राहूनच जातं. माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. स्टिकी नोटचा एकच गुण आहे, ती काढून दुसरीकडे लावता येते. तुमच्या तासात ती नोट एकदाही जागेवरून हलणार नसेल तर स्टिकी नोट वापरूच नका, वही आहे की. आणि आकृतीचंही तसंच, मुलांनी आधी काही बोललं-लिहिलं नसेल आणि चौकटी आपणच आखून दिल्या असतील तर ती फक्त रिकाम्या जागा भरा.

पण नोट हलवायची तर आधी ती टिकली पाहिजे, म्हणून पहिल्यांदा कागदाची कटकट.

नोट टिकतच नाही

हा गोंद मुळातच कमी चिकटणारा आहे, बिघडलेला नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचा शास्त्रज्ञ घट्ट चिकटणारा गोंद शोधत होता आणि त्याला मिळाला उलटाच, हलका चिकटणारा आणि परत सुटणारा. काही वर्षं त्याचं काय करायचं हे कुणाला सुचलं नाही. मग १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्रायला, चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकात ठेवलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या पडायच्या म्हणून, या गोंदाची आठवण झाली, आणि १९८० मध्ये पोस्ट-इट या नावानं ते अमेरिकेत सगळीकडे विकायला आलं. त्या गोंदात अगदी बारीक गोळ्या असतात, कागद त्या गोळ्यांच्या टोकांवरच टेकतो, पूर्ण पृष्ठभागावर नाही, म्हणून तो सहज सुटतो. आणि म्हणूनच त्याला धूळ अजिबात चालत नाही, गोळ्यांवर धूळ बसली की संपलं.

आता आपला फळा आठवा. डस्टरनं पुसलेला फळा म्हणजे खडूच्या पावडरचा थर, त्यावर कुठलीही महागडी नोट टिकणार नाही. ओल्या फडक्यानं पुसायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, ओल्यावरही चिकटत नाही. हे काम मधल्या सुट्टीच्या आधी करून ठेवलं की सुट्टी संपेपर्यंत फळा तयार असतो. चुन्यानं रंगवलेल्या भिंतीचा नाद सोडा, तिथे नोटेबरोबर चुनाच निघतो. डिस्टेंपर बऱ्यापैकी, पण तळहात फिरवल्यावर हाताला पांढरं लागत असेल तर तीही चुन्याचीच बहीण समजा. सगळ्यात छान जागा म्हणजे लोखंडी कपाटाचं दार, खिडकीची काच, भिंतीचा खालचा ऑइलपेंटचा पट्टा (जिथे बोलक्या भिंतीची चित्रं असतात, ती झाकली गेली तर एक दिवस चालतं) आणि जुन्या फ्लेक्सची मागची गुळगुळीत बाजू. फ्लेक्स तर गावात कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा मिळतोच, उलटा करून दोन खिळ्यांवर टांगला की हलता बोर्ड तयार, गुंडाळून दुसऱ्या वर्गात नेता येतो, आणि नोटा आहेत तशा राहतात.

कुठली जागा चालेल याची शंका असेल तर शाळा सुटताना चार ठिकाणी एकेक नोट लावून जा आणि सकाळी बघा. पावसाळ्यात ही परीक्षा परत घ्या, कारण जुलैमध्ये कोकणात किंवा घाटमाथ्याला भिंतीला जी ओल येते तिच्यात मार्चमध्ये पास झालेली भिंत नापास होते.

दुसरं म्हणजे नोट काढायची पद्धत. मुलं, आणि आपणही, पॅडची नोट खालून धरून वर ओढतो. तशी ओढली की कागद वळतो, गोंदाची पट्टी कमानीसारखी होते आणि लावल्यावर खालचं टोक भिंतीपासून उचललेलं राहतं, पंख्याच्या वाऱ्याला तेवढंच हवं असतं. नोट बाजूनं काढायची, म्हणजे पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे, डावीकडून उजवीकडे. सपाट निघते. आणि लावल्यावर अंगठा पट्टीवरून दाबून फिरवायचा, नुसती टेकवून यायची नाही, कारण हा गोंद दाबल्यावरच धरतो. मुलांना एकदा करून दाखवलं की ती ते फार गंभीरपणे करतात, चौथीतली पोरं तर एकमेकांच्या नोटांवर अंगठा फिरवत बसतात.

पॅड उलटं धरून लिहिलं की गोंद खालच्या बाजूला येतो, मग लावल्यावर एकतर अक्षरं उलटी नाहीतर नोट पुढे लोंबते. पॅड मुलांच्या हातात द्यायच्या आधी गोंदाच्या बाजूला वर एक टिंब काढा, 'टिंब वर' एवढं सांगितलं की पुरतं.

पॅड परवडत नाही ही तक्रार खरी आहे. तीन इंची चौकोनी पॅडात साधारण १०० कागद, पट ४० असेल आणि प्रत्येकाला दोन दिल्या तर एका तासात ८० संपल्या. कापून दुप्पट करायच्या असतील तर उभ्या कापा. आडव्या कापल्या तर खालच्या अर्ध्या भागाला गोंदच राहत नाही, ही गोष्ट लहान आहे पण कात्री हातात असताना सुचत नाही आणि अख्खं पॅड वाया जातं. उभ्या अर्ध्या नोटेवर तिसरीच्या पुढच्या मुलाचे तीन-चार शब्द आरामात बसतात, आणि खरं तर तेवढेच हवे असतात.

पॅड नसेलच तर पाठकोरे कागद कापून दोरीवर कपड्याच्या चिमट्यांनी लावा, जागा बदलता येते म्हणजे काम भागलं. ज्यांनी डीएड जुन्या काळात केलंय त्यांना फ्लॅनेलचा फलक आठवत असेल, कापड ताणून लावायचं आणि चित्राच्या मागे पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवायचा, तो खरखरीत भाग कापडाला धरतो. ते कुठेतरी शाळेच्या अडगळीत पडलेलं असतंय, काढा बाहेर, नोटेपेक्षा जास्त दिवस टिकतं. पहिली-दुसरीला तर मला जमिनीवरच बरं वाटतं, बस्करपट्ट्या बाजूला सरकवायच्या, कागदाचे तुकडे फरशीवर आणि प्रत्येकावर एक गोटी नाहीतर खडा. पंखा मात्र बंद.

सगळ्यांच्या नोटेवर सेमच

याला आपण 'कॉपी करतात' म्हणतो आणि मुलांना रागावतो, पण नीट बघितलं तर दोन कारणं दिसतात आणि दोन्ही आपल्या हातातली असतात.

पहिलं, जो हुशार म्हणून ओळखला जातो तो सगळ्यात आधी लिहून उठतो आणि फळ्यावर लावून येतो. आता ते वाक्य सगळ्या वर्गाच्या समोर आहे, बाईंनी मान हलवली आहे, मग कोण वेगळं लिहून धोका घेईल? म्हणून उठायचंच नाही. लिहून झालं की नोट बाकावर पालथी ठेवायची, सगळ्यांच्या पालथ्या झाल्या की मग एकदम लावायच्या. आणि पहिली नोट आली की 'व्वा छान' म्हणायचं नाही, ते आपल्या तोंडातून सवयीनं निघतं, तेवढं तोंड धरायचं.

दुसरं कारण प्रश्न. 'झाडांचे उपयोग लिहा' याला पुस्तकात एकच उत्तर आहे, मग नोटा वेगळ्या कशा येतील. 'तुझ्या घराजवळचं एक झाड तोडलं तर कुणाची अडचण होईल' असं विचारलं की येतं, आमच्या शेळीची, वाळवणाची, मुंजोबाच्या पारावर बसणाऱ्या आजोबांची, एसटीची वाट बघणाऱ्यांची, एकानं लिहिलं होतं 'वायरमनची अडचण नाही होणार'. हे हलवता येतं, गट करता येतात, त्यावर भांडता येतं. प्रश्न चांगला आहे का हे बघायची माझी साधी पद्धत अशी की तीन मुलांची उत्तरं आधीच मनात लिहून बघायची, तिन्ही सारखी आली तर प्रश्न बदलायचा.

नोटेवर नाव घालायचं का? पुढे नको, मागे हजेरी क्रमांक. पुढे नाव असलं की गट करताना नोटेचे नाही तर मुलांचे गट पडतात, ह्याची ह्याच्यासोबत लावू नको वगैरे सुरू होतं. मागे नंबर असला की नंतर वर्णनात्मक नोंदी करताना आपल्याला कळतं कुणी काय लिहिलं. आणि शुद्धलेखनाची लाल पेन नोटेवर चालवू नका, ती एकदा चालली की पुढच्या वेळी मुलं फक्त जे शब्द बरोबर लिहिता येतात तेवढेच लिहितात, म्हणजे परत 'झाडे आपल्याला'. 'वायलं', 'लई', 'व्हतं' काय येईल ते येऊ द्या. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याजवळ जाऊन तो काय बोलतो ते त्याच्याच शब्दात आपण लिहून द्यायचं किंवा चित्र काढू द्यायचं, चित्राची नोट पण नोटच.

पेन्सिल नको, तिसऱ्या बाकावरून काही दिसत नाही. स्केचपेन, आणि एका नोटेवर एकच गोष्ट. दोन गोष्टी लिहिल्या की ती नोट कुठल्या गटात टाकायची हा प्रश्न येतो, तेव्हा मुलाला नवीन कागद द्या आणि फोडायला सांगा.

रंगांचा फार सोस करू नका. गुलाबी म्हणजे कारण, हिरवा म्हणजे परिणाम असं ठरवलं की अर्धा वेळ 'बाई मला गुलाबी' यात जातो, आणि काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही आणि ते त्यांना स्वतःलाही माहीत नसतं. रंग वापरायचाच असेल तर कोपऱ्यात एक खूण पण करायला सांगा, गोल किंवा फुली.

चिकटवायला सगळा वर्ग उठतो

पट मोठा असेल तर फळ्याशी गर्दी होणारच, याला शिस्तीचं भाषण हा उपाय नाही. पाच-सहा जणांचा गट, प्रत्येक गटाला एक ब्राउन पेपर, नोटा त्यावरच लावायच्या आणि हलवायच्या, फळ्यापर्यंत फक्त एक नोट येईल, जिच्यावर गटाचं एकमत झालं नाही ती. एकमत झालेली नाही, न झालेली. हे मुद्दाम सांगावं लागतं कारण गट नेहमी सगळ्यात सुरक्षित नोट पाठवतो. बास, यावर अजून काही सांगण्यासारखं नाही.

नोटा लावल्या, पुढे काय

इथे खरी गाडी अडते. भिंत भरली, फोटो काढला, केंद्रप्रमुख साहेब आले तर छान म्हणाले, पण शिकणं झालं कुठे? नोट लावली म्हणजे मुलानं आधीच माहीत असलेलं सांगितलं एवढंच झालंय, नवीन काही घडतं ते ती नोट हलते तेव्हा.

परिसर अभ्यासात पिकांच्या हंगामांचं घ्या, कारण हे मी बरेचदा घेते आणि खेड्यातल्या वर्गात यावर बोलायला कुणी लाजत नाही. प्रत्येकानं आपल्याकडच्या नाहीतर शेजारच्या रानातल्या पिकाचं नाव एका नोटेवर लिहायचं. नावं येतात, सोयाबीन, बाजरी, कापूस, गहू, हरभरा, तूर, ज्वारी, कांदा, ऊस, करडई. आता फरशीवर दोन मोठी वर्तुळं, दोरीच्या उड्या मारायच्या दोरीची केली तरी चालतात, एक खरीप एक रब्बी आणि मधे एकमेकांवर आलेली. जॉन व्हेनच्या नावानं ओळखतात ती आकृती, १८८० ची आहे, इतकी जुनी. सोयाबीन, बाजरी पटकन खरिपात, गहू, हरभरा, करडई रब्बीत. मग ज्वारी. एक म्हणतो खरीप, कारण पुस्तकात तसं आहे, दुसरी म्हणते आमचा शाळू तर थंडीत असतोय, हुरडा कधी खातात सांग. दोघंही बरोबर, ज्वारी मधे सरकते. नोट हलली.

मग तुरीवर भांडण पेटतं. पेरली आषाढात, काढली संक्रांतीच्या आगेमागे, मग हिला कुठे ठेवायचं? कुणीतरी विचारतंच, 'बाई, पेरल्यावर धरायचं का काढल्यावर?' हा प्रश्न मुलाकडून आला की मी खडू त्याच्याच हातात देते, नियम लिही फळ्यावर. नियम ठरतो, पेरणीचा महिना. त्या नियमानं तूर खरिपात जाते, कापूस पण तिथेच, आणि कांदा मधे येतो कारण तो खरिपाचाही असतो आणि रब्बीचाही. ऊस मात्र कुठेच बसत नाही, आडसाली लावण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू उसाची जानेवारी-फेब्रुवारीची, आणि उभा राहतो वर्ष-दीड वर्ष. त्याला वर्तुळाच्या बाहेर ठेवलं. ही बाहेरची जागा मुलांना कधी दाखवलेलीच नसते, त्यांना वाटतं सगळं आत बसलंच पाहिजे.

या एका तासात 'हंगाम कशावरून ठरवायचा' हे मुलांनी स्वतः काढलं. तेच मी छापील व्हेन आकृतीत दोन्हीकडे पाच-पाच ओळी आखून दिली असती तर पुस्तकातली नावं भरून दहा मिनिटांत मोकळे झाले असते. म्हणून व्हेनची जी नेहमीची तक्रार असते, 'मधल्या भागात मुलं काहीच लिहीत नाहीत', तिचं अर्ध उत्तर असं की मधला भाग कागदावर बोटाएवढा असतो, आणि उरलेलं अर्ध असं की आपण मधे ठेवण्यासारखी भांडखोर गोष्ट दिलेलीच नसते. गाय आणि म्हैस दिलं तर मधे 'दोघी दूध देतात' याच्यापुढे काय येणार.

आकृत्यांच्या चौकटी कोऱ्या राहतात

आठवी ते दहावीला शिकवणाऱ्यांची ही तक्रार जास्त असते, आणि त्याचं एक कारण कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेचा कृती करायला लावणारा पेपर, आहे असं मला वाटतं. आपल्या मुलांना आकृती अनोळखी नाही, उलट फारच ओळखीची आहे. भाषेच्या कृतिपत्रिकेत 'आकृतिबंध पूर्ण करा', 'ओघतक्ता तयार करा', इतिहासात 'संकल्पनाचित्र पूर्ण करा', हे करून करून त्यांच्या डोक्यात बसलंय की आकृती म्हणजे उताऱ्यात चार शब्द शोधायचे आणि चार गोलात टाकायचे, दोन गुण. त्यामुळे उतारा नसलेली आकृती दिली की मुलं पेन खाली ठेवून बघत बसतात, आळस नाही तो, ती उतारा शोधतायत. यावर उपाय एवढाच की कोरी आकृती द्यायचीच नाही. आधी नोटा, नोटांचे गट, आणि गट झाल्यावर मुलांना विचारायचं की आता याच्याभोवती काय काढू, गोल, बाण, का जिना? आकृती शेवटी येते. तीन गट झाले तर तीन चौकटी, सात झाले तर सात.

सगळ्यात जास्त छळ झालेली आकृती म्हणजे मधे गोल आणि चारी बाजूंनी रेघा, ती सूर्यासारखी. पाणी लिहायचं मधे आणि भोवती पिणे, धुणे, शेती, वीज. काहीही विषय असो, सूर्य. ती वाईट नाही, सुरुवातीला आठवेल ते ओतायला ठीक आहे, पण त्या रेघा काही बोलत नाहीत. संकल्पना नकाशा म्हणून जे प्रसिद्ध आहे, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलं ते, त्यात मुख्य अट हीच की प्रत्येक रेघेवर शब्द पाहिजे. पाऊस, रेघेवर 'झिरपून होतं', पुढे भूजल. भूजल, रेघेवर 'उपसतो', पुढे बोअर. बोट ठेवून वाचलं तर वाक्य झालं पाहिजे. मुलाला फक्त एवढंच सांगा, 'तुझी रेघ वाचून दाखव'. वाचता आली नाही तर तिथे काय समजलेलं नाही ते तुम्हाला लगेच दिसतं, परीक्षा घ्यायची गरज नाही.

कुठली आकृती कशाला हे पाठ करायला लागत नाही, आपला प्रश्न मोठ्यानं म्हणून बघायचा. आधी काय नंतर काय असेल तर ओघतक्ता, फिरून तिथेच येत असेल (जलचक्र, फुलपाखराचं जीवनचक्र) तर गोल, का झालं असेल तर माशाचा काटा, म्हणजे डोक्याशी प्रश्न आणि एकेका काट्यावर एकेक कारण. माशाचा काटा जपानच्या काओरू इशिकावा यांच्यामुळे प्रसिद्ध झाला, कारखान्यातले दोष शोधायला, वर्गातही चालतो, फक्त प्रत्येक काट्यावर मुलं 'आळस' लिहितात. 'शनिवारी गैरहजेरी का' घेतलं तर पहिल्या फेरीत आळस, आळस, कंटाळा. मग प्रत्येक नोटेखाली अजून एक नोट, 'मग तसं का'. तेव्हा येतं की बाजाराचा दिवस, लहान भाऊ सांभाळायचा असतो, सकाळची शाळा आणि ओढ्याला पाणी. आता इथे एक सांभाळायचं, अशा नोटांमधून घरातलं काही बाहेर येतं, कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, कुणाच्या घरी भांडण असतं. ती नोट भिंतीवर ठेवायची नाही आणि फोटोतही येऊ द्यायची नाही, हळूच काढून आपल्या वहीत.

माहीत आहे, जाणून घ्यायचंय, कळलं, या तीन रकान्यांचा तक्ता बहुतेकांनी प्रशिक्षणात केलाय, केडब्ल्यूएल म्हणतात तो, डोना ओगल यांनी १९८६ मध्ये मांडला. त्यातला मधला रकाना कायम कोरा. किंवा मग 'मला पाण्याविषयी अधिक माहिती जाणून घ्यायची आहे', जी फक्त बाईंना खूश करायला लिहिलेली असते. मुलाला ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही त्याच्याबद्दल त्याला प्रश्न पडणार कसा? मी मधला रकाना थेट विचारतच नाही. पहिल्या रकान्यातल्या नोटा मुलांना वाचायला लावायच्या आणि ज्याची खात्री नाही ती नोट उचलून मधे ठेवायची, मग ती कुणाचीही असो. 'बोअर जितकी खोल तितकं पाणी जास्त' ही नोट पहिल्या रकान्यात अगदी ठामपणे आलेली असते, दुसरं कुणीतरी म्हणतं आमची चारशे फूट मारली, कोरडी गेली. झाली ती नोट मधे, आता तिला प्रश्नचिन्ह लावा, झाला प्रश्न तयार. आणि धडा झाल्यावर तीच नोट तिसऱ्या रकान्यात नेऊन दुरुस्त करायची, नवी लिहायची नाही, जुनीवरच काट मारून. काट दिसली पाहिजे.

शब्दांसाठी फ्रायर चौकट, १९६९ ची, विस्कॉन्सिन विद्यापीठातली, त्यात चार खण असतात, व्याख्या, वैशिष्ट्यं, उदाहरण आणि उदाहरण नसलेलं. आपण व्याख्येपासून सुरू करतो आणि चौथ्या खणापर्यंत घंटा होते. उलटं करा. बाष्पीभवन घेतलं तर आधी नोटांवर नुसते प्रसंग, ओले कपडे वाळले, फरशी पुसल्यावर सुकली, बर्फ वितळला, चहावर वाफ आली, ग्लासाला बाहेरून पाणी सुटलं. बसतंय ते इकडे, नाही बसत ते तिकडे. बर्फाची नोट दोन-तीनदा इकडून तिकडे जाते, ग्लासाची तर जास्तच. व्याख्या शेवटी मुलं स्वतः सांगतात, पुस्तकाइतकी चकचकीत नसते पण चालते.

वेळ पुरत नाही

पुरणार नाहीच, जर एका तासात लिहिणं, लावणं, हलवणं, आकृती आणि वहीत उतरवणं सगळं केलं तर. तोडा त्याला. आज लिहून ब्राउन पेपरवर लावा आणि गुंडाळून ठेवा, उद्या उघडून हलवा. एक रात्र गेल्यावर मुलांना दुसऱ्याची नोट खोडायला जास्त धीर येतो, हे का ते मला नीट सांगता येत नाही पण होतं तसं. वहीत सगळं उतरवायला लावू नका, शेवटची आकृती आणि आपली जी नोट हलली तिच्याबद्दल एक ओळ, आधी कुठे होती आता कुठे आहे आणि का. आकारिक मूल्यमापनाला पुरावा म्हणून ती ओळ फोटोपेक्षा जास्त कामाची आहे.

बहुवर्ग असेल, म्हणजे दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता, तर एकच प्रश्न सगळ्यांना द्या, पहिली-दुसरी चित्राच्या नोटा करेल, तिसरी-चौथी शब्दाच्या, आणि गट पाडायचं काम पाचवीकडे. लहान पोरांना आपलं चित्र कुठल्या गटात गेलं हे बघायला फार आवडतं आणि पाचवीतल्याला ते का तिथे ठेवलं हे लहानग्याला समजावून सांगावं लागतं, तिथे त्याचं खरं काम होतं.

कुठे वापरू नये तेही सांगते. हातच्याची बेरीज, भागाकार, पाढे, असं जिथे सराव लागतो तिथे नोटा म्हणजे नुसता कागदाचा खर्च. कवितेलाही मला त्या आवडत नाहीत, कविता म्हणावी आधी. आणि आठवड्यात एकदाच्या वर नको, रोज केलं की मुलं परत फक्त चिकटवायला लागतात.

काम झालेल्या नोटा शनिवारी सफाईच्या आधी काढून धड्याचं नाव टाकलेल्या पाकिटात ठेवा, मागची बाजू हजेरी क्रमांक सोडला तर कोरीच असते, पुढच्या वेळी चिमट्यावर लावायला चालतात.